बिनशब्दांच्या चित्रपुस्तकातून गुलामगिरी शिकवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

शब्द नसलेलं चित्रपुस्तक मुलांसमोर उघडलं की बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. एक तर पानं भराभर उलटून ते पाच मिनिटांत संपतं, नाहीतर दाखवणारी ताई किंवा सर पहिल्या पानापासून त्याचं कीर्तन सुरू करतात. गुलामगिरीवरच्या पुस्तकांत दुसरा प्रकार जास्त. विषय गंभीर आहे, मुलांना कळणार नाही, म्हणून आपणच सगळं सांगून टाकायचं. मग मुलं पुस्तकाकडे बघतच नाहीत, आपल्या तोंडाकडे बघत बसतात.

इथल्या पायऱ्या एकच पुस्तक समोर ठेवून दिल्या आहेत: हेन्री कोल यांचं 'अनस्पोकन' (२०१२). अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ, दक्षिणेतलं एक शेत, शेतावर राहणारी एक मुलगी. कोठारात रचून ठेवलेल्या मक्याच्या ताटांमागे, म्हणजे धांड्यांमागे, कुणीतरी लपलेलं आहे. त्या व्यक्तीचा पूर्ण चेहरा पुस्तकात कुठेही नाही, दिसतो तो ताटांच्या फटीतून एक डोळा. मुलगी घरात कुणाला न सांगता चौकड्याच्या फडक्यात खाणं गुंडाळून नेते. पुढे घोड्यांवरून माणसं शोध घेत येतात, त्यांच्याजवळ पळालेल्या गुलामासाठी लावलेल्या बक्षिसाचं पत्रक असतं. शेवटी कोठार रिकामं, आणि मागे राहिलेली मक्याच्या सोपटांची बाहुली. सगळं पेन्सिलीत काढलेलं.

हीच पद्धत दुसऱ्या पुस्तकालाही चालते. अट एवढीच की क्रम मोडायचा नाही: आधी बघणं, मग सांगणं, इतिहास त्याच्यानंतर.

पायरी १: पुस्तक आणि वय ठरवा

'अनस्पोकन' आठ वर्षांच्या पुढे, म्हणजे साधारण तिसरी-चौथीपासून. त्याहून लहान मुलांना चित्रं आवडतात, पण ती त्यातून लपाछपीची गोष्ट घेऊन जातात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला गुलामगिरी शिकवणं म्हणू नका.

पुस्तक निवडताना चेहरे बघा. २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकाशकाने नुकतंच आलेलं एक चित्रपुस्तक बाजारातून मागे घेतलं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरचा गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी मालकाच्या वाढदिवसाचा केक हसतखेळत करताना त्यात दाखवले होते. खरा हर्क्युलिस २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे नेमका वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच, पळून गेला होता. त्या पुस्तकाला शब्द होते, पण आक्षेप मुख्यतः हसऱ्या चित्रांवर होता. बिनशब्दांच्या पुस्तकात तर चित्राला सावरून घ्यायला मजकूरही नसतो. म्हणून खरेदीआधी किंवा वाचनालयातून आणण्याआधी निदान चार जोडपानं नीट बघा: गुलाम माणसं कुठे आहेत, काय करताहेत, त्यांच्याकडे कोण बघतंय.

सावध: यूट्यूबवर अशा पुस्तकांचे 'वाचून दाखवलेले' व्हिडिओ मिळतात. त्यात कुणीतरी बोलत असतं, मागे पियानो वाजत असतो. तो दाखवायचा असेल तर पुस्तक आणायचं कारणच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अंधूक पीडीएफही नको. पेन्सिलीच्या चित्रात फटीतला डोळा हाच सगळा मुद्दा असतो, आणि खराब स्कॅनमध्ये नेमका तोच काळा पडतो.

पायरी २: आधी एकट्याने, तीनदा

मुलांसमोर जाण्याआधी पुस्तक तीन वेळा बघायचं. ही पायरी सगळेच गाळतात, कारण वाचायला शब्दच नाहीत तर तयारी कसली करायची, असं वाटतं.

पहिल्या वेळी फक्त बघा. शेवटी लेखकाचं टिपण आहे, ते वाचू नका. कुठे अडलात, कोणतं पान मागे जाऊन बघावंसं वाटलं, ते लक्षात ठेवा. मुलंही बहुधा तिथेच अडतील.

दुसऱ्या वेळी कागद-पेन्सिल घ्या आणि प्रत्येक जोडपानाला एक ओळ लिहा. फक्त दिसतं ते. 'मुलगी घाबरली' लिहू नका, 'मुलगी पळतेय' लिहा. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे चित्र दाखवणारा बोलतोच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरतात आणि गाऊन गोष्ट सांगतात. ती रीत सुंदर आहे. पण तिथे चित्र गोष्टीच्या मदतीला असतं, आणि इथे गोष्ट मुलांनी चित्रातून काढायची असते. आपली जीभ किती लवकर सुटते ते या दुसऱ्या वाचनात कळतं.

तिसऱ्या वेळी लेखकाचं टिपण वाचा, आणि पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर पुढच्या गोष्टी लिहून घ्या. ती चिठ्ठी पायरी ६ पर्यंत खिशातून काढायची नाही.

- आफ्रिकेतून अटलांटिक पलीकडे नेण्यासाठी जहाजांत कोंबलेली माणसं: सुमारे १ कोटी २५ लाख. जिवंत उतरली सुमारे १ कोटी ७ लाख.
- १८६० च्या जनगणनेत अमेरिकेतले गुलाम: ३९ लाखांहून जास्त.
- १६६२ चा व्हर्जिनियाचा कायदा: आई गुलाम असेल तर मूल जन्मतः गुलाम.
- १८५० चा पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा: मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.
- यादवी युद्ध १८६१ ते १८६५. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३. गुलामगिरी संपवणारी घटनेची तेरावी दुरुस्ती डिसेंबर १८६५.

तपासा: दुसऱ्या वेळी लिहिलेल्या ओळींतल्या किती मुलीबद्दल आहेत आणि किती लपलेल्या व्यक्तीबद्दल, ते मोजा. मुलीच्याच जास्त निघतील. पुस्तकाची रचनाच तशी आहे, कॅमेरा मुलीच्या खांद्यावर आहे. पायरी ५ मध्ये हा तोल आपल्याला मुद्दाम सावरायचा आहे.

पायरी ३: बसण्याची व्यवस्था आणि तीन वाक्यं

एका प्रतीला आठ मुलं पुरे, दहा म्हणजे डोक्यावरून पाणी. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर गट करा. उरलेल्यांना दुसरं काम द्या आणि आठवडाभरात सगळ्यांची पाळी येऊ द्या. पुस्तक छातीशी धरून फिरवणं बंद. खाली सतरंजीवर मधोमध ठेवा आणि मुलांना अर्धवर्तुळात इतकं जवळ बसवा की हात लावता येईल.

दोन बैठका लागतात. पहिलीत पायरी ४ आणि ५, दुसरीत बाकीचं. एकाच तासात सगळं उरकायला गेलात तर दुसऱ्या वाचनाचा बळी जातो.

आता पार्श्वभूमी किती सांगायची? अमेरिकेतल्या मुलाला हे पुस्तक हातात येण्याआधी शाळेत बरंच ऐकून माहीत असतं. इथल्या मुलाला काहीच नसतं. त्याला फटीतला डोळा दिसला की तो 'भूत!' म्हणतो, नाहीतर 'चोर!'. पूर्ण कोरं ठेवलं तर गोष्ट चोर-शिपायाची होते. सगळं सांगितलं तर बघायला काही उरत नाही. म्हणून तीन वाक्यं, ही किंवा अशीच:

'ही गोष्ट अमेरिकेतली, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची. तिथे तेव्हा आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता मानत आणि त्यांची खरेदी-विक्री करत. काही जण पळून जात.'

बस. लिंकन नाही, युद्ध नाही, 'किती वाईट ना?' तर अजिबात नाही.

सावध: वर्गात एखादं मूल सावळं असतं, आणि दुसरं कुणीतरी 'मग हा पण गुलाम' म्हणून मोकळं होतं. हे होणार असं धरूनच चला. तिथल्या तिथे, आवाज न चढवता थांबवायचं: 'रंगावरून माणूस कुणाचा ठरवणं, हेच तर त्या लोकांनी केलं. आपण करायचं नाही.' आणि पुढे जायचं. त्या मुलाकडे सगळ्यांच्या नजरा वळतील असं लांबण लावू नका.

पायरी ४: पहिलं वाचन, तोंड बंद

पहिलं वाचन पूर्ण मुक्याने. मुलांनी आवाज काढले, हसली, 'ए बघ बघ' म्हणाली तर चालेल. मोठ्यांनी बोलायचं नाही.

प्रत्येक जोडपानाला मनात वीस मोजा. पुस्तक चाळीस पानांचं आहे, तेव्हा आठ-दहा मिनिटं जातात. पहिल्यांदा ही वीसची मोजणी फार लांब वाटते. आठपर्यंत आलं की हात आपोआप पानाकडे जातो. तो मागे घ्या. मुलांचे डोळे साधारण बारा-पंधरानंतर चित्राच्या मधल्या भागातून कडांकडे सरकतात, आणि महत्त्वाच्या गोष्टी कडांनाच असतात.

पान उलटण्याची पाळी मुलांकडे द्या, क्रमाने. ज्याची पाळी त्याने सगळ्यांकडे बघून 'उलटू?' विचारायचं. यामुळे वेग मुलांच्या ताब्यात जातो आणि आपली घाई आवरते.

सावध: बोट ठेवू नका. फटीतला डोळा काही मुलांना पहिल्या फेरीत दिसतच नाही. आपल्याला राहवत नाही, बोट जातं. ते गेलं की ज्या मुलाला तो आपला आपण सापडणार होता त्याचा शोध आपण हिसकावून घेतो. न दिसलेल्या मुलाला दुसऱ्या फेरीत शेजारचा दाखवेल, आणि ते जास्त बरं.

तपासा: पुस्तक मिटल्यावर कुणी 'परत' म्हणालं का? म्हणालं तर लगेच पुढची पायरी. सगळे गप्प असतील तर पाच मिनिटं थांबा, पाणी पिऊ द्या. गप्प राहणं म्हणजे कळलं नाही असं धरून चालू नका.

पायरी ५: दुसरं वाचन, दोन फेऱ्यांत

*पहिली फेरी: दिसतं ते.* संग्रहालयांत चित्रं दाखवताना वापरतात ते तीन प्रश्न इथे पुरतात. काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? अजून काय? चौथा प्रश्न नको. 'तिला कसं वाटलं असेल?' तर मुळीच नको. त्याचं उत्तर मुलांना तोंडपाठ असतं, 'वाईट वाटलं', आणि तिथे विचार थांबतो.

समजा, मक्याच्या ताटांच्या पानावर एक मुलगा म्हणाला, 'आत वाघ आहे.' चूक म्हणू नका. 'कशावरून?' 'डोळा चमकतोय.' दुसरी लगेच म्हणते, 'वाघाला अशी भुवई नसते.' आता सगळे वाकून भुवई शोधतात. त्या क्षणी ती मुलं जे करताहेत ते कुठल्याही व्याख्यानातून होत नाही: तिथे माणूस आहे हे ती पुराव्याने सिद्ध करताहेत. ज्या व्यवस्थेने माणसाला मालाच्या यादीत टाकलं तिच्याबद्दलच्या पुस्तकात ही सुरुवात आपण मुद्दाम ठरवूनही यापेक्षा चांगली करू शकलो नसतो.

आपल्या तोंडून 'तो लपलाय' निघू देऊ नका. बाई की पुरुष, मूल की म्हातारं, चित्रकाराने काहीच सांगितलेलं नाही. 'आत कुणीतरी आहे' एवढंच म्हणा. मुलांना 'तो' किंवा 'ती' म्हणू दे, पण दोघांचं वेगळं निघालं की 'कशावरून?' आहेच.

खेड्यातल्या मुलांना ही पानं शहरातल्या मुलांपेक्षा लवकर उलगडतात. कडब्याची गंजी त्यांनी पाहिलेली असते, तिच्यात शिरून बघितलेलं असतं. आत किती उकडतं, पातं कसं कापतं, अंग कसं खाजतं हे ती सांगतात. त्यांना सांगू द्या. हीच दुसऱ्या फेरीची वाट आहे.

*दुसरी फेरी: ताटांच्या आतून.* आता तीच पानं, पण बघायचं लपलेल्या व्यक्तीच्या जागेवरून. ही फेरी बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि म्हणून मुलं 'एका चांगल्या मुलीची गोष्ट' घेऊन घरी जातात. मुलगी धीट आहे, प्रश्नच नाही. पण सगळ्यात मोठा धोका तिने पत्करलेला नाही. तो पत्करला आहे ताटांच्या आत बसलेल्या माणसाने, आणि ही मुलगी भेटायच्या कितीतरी आधी.

इथे मात्र प्रश्न आपण विचारायचे, पण ज्यांचं उत्तर चित्रावर टेकून देता येईल असेच. फटीतून किती दिसत असेल? मुलगी आली तेव्हा आतून आधी काय ऐकू आलं असेल? ती पळत घराकडे गेली तेव्हा आतल्या माणसाने काय ठरवलं असेल, थांबायचं की निघायचं? खाणं आलं, पण ते उचलायला हात बाहेर काढायचा की नाही? हा शेवटचा प्रश्न दहा मिनिटं सहज खातो. विश्वास फक्त मुलीलाच टाकायचा नव्हता, हे मुलांना इथे कळतं.

मग बाहुली. ती कुणी केली, कशापासून, किती वेळात, अंधारात की उजेडात? जवळ काहीही नसलेल्या माणसाने, आजूबाजूला होतं त्यातून, हातातल्या कसबाने केलेली वस्तू आहे ती. पुस्तकात आतल्या माणसाचा चेहरा नाही, नाव नाही, पण हातचं काम आहे. मुलांना सोपटाची बाहुली प्रत्यक्ष करायला लावली तर उत्तम. बाजारात मक्याची कणसं मिळतात त्या दिवसांत हे सहज जमतं. सोपटं वाळलेली असतील तर थोडी भिजवून घ्या, दोऱ्याने मान आणि कंबर बांधा. बाहुली करता करता मुलं जे बोलतात ते ऐका, त्यात भर घालू नका.

तपासा: आता एका मुलाला, ज्याने पुस्तक पाहिलेलं नाही अशा दुसऱ्या गटातल्या मित्राला गोष्ट सांगायला लावा. गोष्ट 'एक मुलगी होती, तिने गुलामाला वाचवलं' अशी दोन वाक्यांत संपली तर दुसरी फेरी परत घ्या.

पहिली बैठक इथे थांबवा.

पायरी ६: आता इतिहास, आणि मुलांचे प्रश्न

दुसऱ्या बैठकीत चिठ्ठी काढा. पण वाचून दाखवू नका. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला लागू पडेल तो आकडा तेवढाच द्यायचा. प्रश्न साधारण ठरलेले असतात.

'मग सगळे पळून का नाही गेले?' याला 'घाबरत होते' हे उत्तर देऊ नका, ते अपुरं आहे आणि अन्यायाचंही. रात्री गस्तीचे घोडेस्वार फिरत, कुत्री असत, परवान्याशिवाय रस्त्यावर सापडलं तर मार. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता, म्हणजे नकाशा, परवाना, पाटी काहीच वाचता येऊ नये. आणि मुख्य म्हणजे पळणाऱ्याचे आईबाप, मुलं मागेच राहत. बहुसंख्य लोक कधीच पळू शकले नाहीत, हे स्पष्ट सांगा. पुस्तकात सुटका दिसते म्हणून मुलांना वाटतं बरेच सुटले.

'पोलीस कुठे होते?' सगळ्यात अवघड प्रश्न हा, आणि टाळला जातो तोही हाच. खरं उत्तर: कायदा पकडणाऱ्यांच्या बाजूने होता. १८५० च्या कायद्याने उत्तरेत, म्हणजे जिथे गुलामगिरी नव्हती तिथेही, पळालेल्या माणसाला पकडून परत पाठवता येई. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला, मालकाच्या बाजूने निकाल दिला तर १० डॉलर मिळत आणि सोडून दिलं तर ५. पकडलेल्याला स्वतःची बाजू साक्षीत मांडताही येत नसे. चौथीतल्या मुलांना हे १० आणि ५ लगेच समजतं, समजावून सांगावं लागत नाही.

'त्यांना मदत कोण करायचं?' इथे 'भूमिगत रेल्वे' हे नाव निघतं, आणि मुलं बोगदा काढायला लागतात. रेल्वे नव्हती, बोगदाही नव्हता. वाट दाखवणारे, आसरा देणारे, निरोप पोचवणारे लोक असं ते जाळं होतं. त्यात मोठा वाटा कृष्णवर्णीयांचाच होता, स्वतंत्र असलेल्यांचा आणि गुलाम असलेल्यांचाही. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये मेरीलँडमधून स्वतः निसटली, आणि मग सुमारे तेरा वेळा परत जाऊन सत्तरच्या आसपास माणसं बाहेर काढली. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल येणाऱ्या प्रत्येकाची माहिती लिहून ठेवत, म्हणजे पुढे ताटातूट झालेल्यांना एकमेकांचा माग काढता यावा. आपल्या पुस्तकातल्या बिनचेहऱ्याच्या माणसाला चेहरा द्यायचा असेल तर या दोघांच्या गोष्टी सांगा.

सावध: गोधड्यांच्या नक्षीत पळण्याच्या वाटेची सांकेतिक भाषा होती, ही गोष्ट इंटरनेटवर जागोजागी आहे आणि शाळेच्या प्रकल्पांना फार आवडते. इतिहासकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही. चित्रात गोधडी दिसली तर ती गोधडीच समजा.

सावध: 'लिंकनने १८६३ मध्ये सगळ्यांना मुक्त केलं' हेही नको. तो जाहीरनामा देशातून फुटून निघालेल्या बंडखोर राज्यांपुरता होता. संपूर्ण देशात गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरातली.

'आपल्याकडे होते का गुलाम?' होते. शिवरायांचा इतिहास शिकलेल्या मुलांना जंजिऱ्याचा सिद्दी माहीत असतो, पण सिद्दी मुळात आफ्रिकेतून आले हे बहुतेकांना माहीत नसतं. मलिक अंबर इथियोपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये पोचला, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. पोर्तुगीजांच्या गोव्यातही आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. लगेच मुलं म्हणतील, 'मग इथे गुलाम वजीर होऊ शकायचा!' हो, काही जण. अमेरिकेतल्या मळ्यांवर ती वाट नव्हती, तिथे आईचं गुलामपण मुलाला लागे. दोन्हीकडे माणूस विकला गेला हे सारखं, पुढचं वेगळं. एवढा फरक चौथीच्या मुलाला पेलतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याचं पाठबळ १८४३ मध्ये काढलं गेलं. वेठबिगारी संपवणारा कायदा मात्र १९७६ चा आहे, म्हणजे आजी-आजोबांना आठवेल इतका जवळचा.

सातवीच्या पुढचा गट असेल तर एक गोष्ट जरूर सांगा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, निग्रोंना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. तो धागा जातीकडे जातो, आणि तिकडे जायला हवंच. पण लहान गटात घाई करू नका. मुलांना अजून एकच गोष्ट नीट दिसायला लागली आहे. तिच्यावर लगेच दुसरी ठेवली की दोन्ही पुसट होतात आणि हाती 'सगळीकडे असंच असतं' एवढं गुळमुळीत वाक्य उरतं.

पायरी ७: मुलांकडून काय करून घ्यायचं, काय नाही

निबंध नको. 'एका गुलामाचे आत्मवृत्त' आणि 'मी गुलाम असतो तर' हे विषय सुचायला दोन सेकंदही लागत नाहीत, कारण आपण 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहीतच मोठे झालो. मुलं त्याच साच्यात लिहितात, 'नमस्कार मित्रांनो, ओळखलंत का मला?' हे वाचवत नाही.

नाटुकलंही नको. लिलाव, मालक-गुलाम, साखळ्या, काहीच नाही. अमेरिकेतल्या शाळांमध्ये लिलावाचं नाटक करून घेतल्याच्या प्रकारांवर पालकांनी वेळोवेळी तीव्र हरकती घेतल्या आहेत, आणि त्या योग्यच आहेत. आपल्या वर्गात 'गुलाम कोण होणार?' विचारलं की मुलं कुणाकडे बघतील याचा विचार केला तरी पुरे.

करायचं ते असं: पुस्तकातली कोणतीही दोन सलग जोडपानं निवडायची आणि त्यांच्या मधलं न काढलेलं चित्र काढायचं, ताटांच्या आतून. साधी पेन्सिल, रंग नाहीत, शब्द नाहीत. मुलांना शब्द लिहायचा मोह होतो, फुगा काढून 'वाचवा' लिहितात. खोडायला लावा. मग ते 'वाचवा' चित्रात कसं आणायचं याच्याशी त्यांची झटापट होते, आणि तेच हवं आहे.

चित्रं भिंतीवर लावताना क्रमांक, तारे, शेरे काही नको.

परदेशात शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवणाऱ्यांसाठी: अमेरिकेत फेब्रुवारीत हा विषय शाळेत होऊनच जातो, मुलांना तारखा तुमच्याहून जास्त माहीत असतात. पायरी ६ गाळा आणि पायरी ५ मराठीत घ्या. तयार इंग्रजी वाक्यं हाताशी नसल्यामुळे मुलं चित्र नव्याने बघतात.

मोठ्या मुलांसाठी: 'द मिडल पॅसेज'

हे पुस्तक वेगळ्या जातीचं आहे. टॉम फीलिंग्ज यांनी जवळपास वीस वर्षं त्यावर काम केलं. आफ्रिकेत पकडल्यापासून जहाजातून पलीकडे पोचेपर्यंतचा प्रवास चौसष्ट काळ्या-पांढऱ्या चित्रांत आहे. साखळ्या, मार, कोंबलेली शरीरं, मृतदेह, सगळं आहे, आणि झाकलेलं काही नाही. चौदाच्या आतल्या मुलांना देऊ नका, मूल कितीही वाचणारं असलं तरी.

पालकांना आधी कळवा आणि दोन-तीन चित्रं दाखवून ठेवा. पूर्ण पुस्तक एका बसणीत दाखवायचं नाही. पाच-सहा चित्रं निवडा, त्यात पकडण्याआधीचं निदान एक हवंच, म्हणजे या माणसांना घर-गाव होतं हे दिसेल. प्रोजेक्टर नको. भिंतीएवढी केलेली चित्रं अंगावर येतात आणि ज्याला नजर वळवायची असेल त्याला वळवता येत नाही. टेबलावर पुस्तक उघडं ठेवा, मुलांना दोघादोघांनी येऊन बघू द्या, हवं तेव्हा निघून जाऊ द्या.

बघून झाल्यावर एकच आकडा सांगा: जहाजांवर चढवलेल्या आणि जिवंत उतरलेल्या माणसांतला फरक, सुमारे १८ लाख. मग पंधरा मिनिटांची सुट्टी द्या. त्यानंतर ज्यांना बोलायचं असेल तेवढेच परत बसतील, बाकीच्यांना मैदानावर राहू द्या. त्या दिवशी वहीत काही लिहून घेऊ नका. पुस्तक मात्र आठवडाभर वाचनालयात, विचारल्याशिवाय घेता येणार नाही पण मागितलं तर मिळेल अशा जागी ठेवा.